डोळ्याची सोनोग्राफी आणि मेंदूतला दाब: आयसीयूत नव्याने आलेल्या डॉक्टरांसाठी

ऊसगाळपाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या कॅज्युअल्टीत काम करणाऱ्यांना एक केस पाठच होते. रात्रीची वेळ, रस्त्याकडेला उभी असलेली उसाची ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही आणि तिच्यावर आदळलेला मोटारसायकलस्वार. रुग्ण बेशुद्ध, घशात नळी, डोळे सुजून बंद. सीटी होईपर्यंत, आणि सीटी झाल्यावरही पुढचे दोन-तीन दिवस, सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: कवटीच्या आत दाब वाढतोय का?

याचं सर्वांत खात्रीचं उत्तर मेंदूत घातलेल्या कॅथेटरमधून मिळतं. पण त्यासाठी न्यूरोसर्जन लागतो, रक्त नीट गोठत असावं लागतं, सामान लागतं. गगनबावडा किंवा आजऱ्यासारख्या ठिकाणी रात्री यातलं काही हाताशी नसतं आणि शहरातल्या मोठ्या आयसीयूतही प्रत्येकाला कॅथेटर घातला जात नाही. सोनोग्राफीचं मशीन मात्र बऱ्याच ठिकाणी आहे. सेंट्रल लाइन घालताना ज्या लिनियर प्रोबने आपण मानेतली शीर शोधतो, तोच प्रोब मिटलेल्या पापणीवर ठेवला तर मेंदूतल्या दाबाचा अंदाज घेता येतो. एका आकड्यावर निर्णय घ्यायला गेलात तर ही तपासणी फसवते. एकाच पद्धतीने, शक्यतो एकाच हाताने, पुन्हा पुन्हा मोजत राहिलात तर ती फार उपयोगी पडते. हे माझं पक्कं मत आहे आणि पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे.

दाब डोळ्यापर्यंत पोचतो कसा

ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, नावाला नर्व्ह. खरं तर ती मेंदूचाच भाग आहे. मेंदूभोवती असलेली तिन्ही आवरणं तिच्याभोवतीही असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळीत मेंदूभोवतीचंच सीएसएफ, म्हणजे पाण्यासारखा द्रव, खेळतं. कवटीत दाब वाढला की ते या पोकळीत ढकललं जातं. आवरणाचा डोळ्यालगतचा भाग सर्वांत सैल असतो, त्यामुळे सायकलच्या ट्यूबला जिथे रबर पातळ झालंय तिथेच फुगा यावा तसं आवरण तिथे फुगतं. गोलकामागे साधारण ३ मिमीवर हा फुगवटा सर्वांत ठळक दिसतो, म्हणून जगभर माप तिथेच घेतात. या मापाला आयसीयूत सगळे ओएनएसडी म्हणतात: ऑप्टिक नर्व्हच्या आवरणाची रुंदी.

भारतात जन्मलेले नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हायरे यांनी १९६० च्या दशकात माकडांवर प्रयोग करून दाखवलं, की नर्व्हचं आवरण उघडून दिलं तर मेंदूत दाब असूनही त्या बाजूच्या डिस्कची (नर्व्हच्या डोळ्याच्या आत दिसणाऱ्या टोकाची) सूज ओसरते. म्हणजे दाब आवरणातूनच पोचतो. ऑफ्थॅल्मोस्कोपने दिसणारी डिस्कची सूज यायला बऱ्याचदा तासच नव्हे, दिवसही लागतात. आवरण मात्र काही मिनिटांत रुंदावतं. त्यामुळे डिस्क अजून स्वच्छ असतानाच ओएनएसडी वाढलेला सापडू शकतो.

आधी हे तपासा

डोळ्याचा गोलक फुटल्याचा संशय असेल तर प्रोब लावायचा नाही. बाहुली एका बाजूला ओढल्यासारखी टोकदार झालीय, डोळा आत बसलाय, काळसर ऊतक बाहेर डोकावतंय, पांढऱ्या भागावर चहूबाजूंनी रक्त पसरलंय, यातलं काहीही दिसलं तर डोळ्यावर कडक शील्ड लावा आणि नेत्रतज्ज्ञांना बोलवा. जेलचा थर कितीही जाड असला तरी अशा डोळ्यावर दाब पडतोच. डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तरी हात आवरा. एकच डोळा जखमी असेल तर दुसऱ्याचं माप घ्या, पण नोंदीत तसं लिहा.

एक बाहुली मोठी झालीय, रुग्ण झपाट्याने बिघडतोय, अशा वेळी मोजमापात मिनिटं घालवू नका. डोकं वर, श्वसन सांभाळा, दाब उतरवायला मॅनिटॉल किंवा हायपरटॉनिक सलाइन, न्यूरोसर्जनला फोन आणि सीटी. आवरणाची रुंदी रक्ताची गाठ कुठे आहे ते सांगत नाही आणि ऑपरेशनचा निर्णय गाठीवर ठरतो.

कायद्याचं एक. मशीन १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी) कायद्याखाली नोंदलेलं असतं. कुणी वापरायचं आणि कुठे न्यायचं यावर बंधनं आहेत. सोनोग्राफी यंत्रांवर सायलेंट ऑब्झर्व्हर (तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण) बसवण्याची मोहीम याच जिल्ह्यात राबवली गेली, त्यामुळे इथे या बाबतीत सगळे जागरूक असतात. रुजू झाल्याच्या आठवड्यातच तुमचं नाव नोंदणीत घ्यायचं का, हे विभागप्रमुखांना विचारून घ्या. एक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात झटके आलेली) बाई आयसीयूत आली तर तिचा डोळा पाहण्याआधीही हॉस्पिटलची गरोदर रुग्णांसाठीची नियमावली बघा.

मशीन लावताना

लिनियर प्रोब, ७.५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त. मशीनमध्ये डोळ्याचा प्रीसेट असेल तर तोच निवडा, कारण भिंग आणि रेटिना नाजूक असतात आणि डोळ्यासाठी ऊर्जेची मर्यादा इतर अवयवांपेक्षा बरीच कमी आहे: मेकॅनिकल इंडेक्स ०.२३ पर्यंत, थर्मल इंडेक्स १ पर्यंत. हे दोन्ही आकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतात, बघायची सवय लावा. प्रीसेट नसेल तर पॉवर हाताने कमी करा. कलर डॉपलरला (रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोयीला) ऊर्जा जास्त लागते, म्हणून तो काही सेकंदांपुरताच. चित्र मिळालं की फ्रीज करून प्रोब उचला आणि माप फ्रीज केलेल्या चित्रावर निवांत घ्या.

डेप्थ ४ सेंमीच्या आसपास. मोठ्या माणसाचा गोलक पुढून मागे साधारण २४ मिमी असतो. त्यामागे नर्व्ह दिसायला एवढी खोली पुरते. फोकस गोलकाच्या मागे. गेन (चित्राचा उजळपणा) थोडा कमीच ठेवा. गेन वाढवला की पांढऱ्या रेषा पसरतात, कडा धूसर होतात आणि माप आपोआप बदलतं.

रुग्णाजवळ

डोकं २० ते ३० अंश वर, मान सरळ. सक्शन, कूस बदलणं, ड्रेसिंग यातलं काही नुकतंच झालं असेल तर थोडा वेळ थांबा, कारण खोकल्याने आणि धडपडीने दाब चढतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड बघा. तो वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दाबही वाढतो. तासाभरापूर्वीच्या मापाशी आताचं माप ताडायचं असेल तर या गोष्टी दोन्ही वेळा सारख्या हव्यात.

नातेवाईक बाजूला उभे असतात आणि हमखास विचारतात: "डॉक्टर, डोळ्याला तर काय लागल्यालं न्हाई, मग डोळा कशाला बघताय?" दोन वाक्यं बोला. "काका, पोटाची करतात तीच सोनोग्राफी आहे, सुई नाही, दुखत नाही. डोळ्यामागची नस मेंदूला जोडलेली असते, तिच्यावरून मेंदूवर सूज किती आहे त्याचा अंदाज घेतोय." एवढं सांगितलं की माणसं शांत होतात.

पापण्या मिटवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. डोळ्यात घातलेलं मलम हलकेच पुसून घ्या. पापणीवर निर्जंतुक पारदर्शक ड्रेसिंग लावा, खाली हवा अडकू देऊ नका. हवेचा एक बुडबुडाही चित्रात काळी सावली पाडतो. वर जेल भरपूर, नेहमी टाकता त्याच्या दुप्पट. हाताची करंगळी आणि तळव्याची कड रुग्णाच्या कपाळावर किंवा नाकाच्या दांड्यावर टेकवा, म्हणजे हाताचा भार हाडावर जाईल आणि प्रोब जेलवर तरंगेल. प्रोब आणि पापणीमध्ये जेलचा काळा थर स्क्रीनवर दिसत राहिला पाहिजे. तो नाहीसा झाला म्हणजे तुम्ही दाबताय. डोळा दाबला गेला की नाडी मंदावू शकते, म्हणून एक नजर मॉनिटरवर असू द्या. सिस्टरना आधीच सांगून ठेवा: "नाडी साठच्या खाली आली की मला सांगा."

चित्र शोधणं

आधी प्रोब आडवा. खूण रुग्णाच्या उजवीकडे. वरच्या पापणीवर, कानाकडच्या बाजूला ठेवून किंचित नाकाकडे आणि खाली कलवा, कारण नर्व्ह गोलकाच्या बरोबर मध्यातून निघत नाही, नाकाच्या बाजूने निघते. स्क्रीनवर वरून खाली पापणी, कॉर्निया, भिंगाची मागची चकचकीत कमान, मग काचद्रवाचा (डोळ्यातल्या पारदर्शक जेलीचा) मोठा काळा गोल, तळाशी रेटिनाची पांढरी कमान आणि तिच्यामागे चरबीचा पांढुरका पट्टा. त्या चरबीतून खाली जाणारी काळसर पट्टी म्हणजे नर्व्ह. पट्टी सरळ आणि दोन्ही कडांनी स्पष्ट दिसेपर्यंत प्रोब अगदी थोडा थोडा कलवत राहा. मनगट फिरवू नका, बोटांनी कलवा.

नवशिके इथेच सर्वांत जास्त फसतात. भिंगाच्या कडेमुळे मागे काळी सावली पडते आणि ती हुबेहूब नर्व्हसारखी दिसते. सावलीला आतली रचना नसते, ती एकसारखी काळी असते आणि प्रोब कलवला की भिंगाबरोबर सरकते. खऱ्या नर्व्हला थर दिसतात: मध्ये करडी नर्व्ह, दोन्ही बाजूंना सीएसएफच्या पोकळीच्या उजळ पट्ट्या, त्यांच्याबाहेर ड्युराची (सर्वांत बाहेरच्या आवरणाची) बारीक काळी रेघ आणि मग चरबी. तरीही शंका असेल तर क्षणभर कलर डॉपलर लावा. नर्व्हच्या पुढच्या भागात मधोमध रेटिनाची धमनी आणि शीर उमटतात. सावलीत काही उमटत नाही.

माप

पहिला कॅलिपर (स्क्रीनवरची मोजायची खूण) डिस्कच्या मागच्या कडेवर ठेवून नर्व्हच्या अक्षावरून सरळ ३ मिमी मागे न्या. नर्व्ह तिरकी असेल तर रेघही तिरकी. स्क्रीनच्या उभ्या दिशेने ओढलीत तर जागा चुकते. त्या बिंदूवर नर्व्हच्या काटकोनात दुसरी रेघ काढा. ती कुठून कुठपर्यंत? काही जण ड्युराच्या काळ्या रेघेच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत मोजतात, काही बाहेरच्या कडेपर्यंत. मी आतली कडा घेतो, कारण फुगते ती आतली पोकळी. तुमच्या युनिटमध्ये कोणती पद्धत चालते ते विचारा आणि तीच धरा. दोन पद्धती एकाच रुग्णावर मिसळल्या तर आकडा बदलेल आणि रुग्ण बदलला असं वाटेल.

मग प्रोब उभा करा, खूण कपाळाकडे, आणि पुन्हा माप. दोन्हींची सरासरी. तसंच दुसऱ्या डोळ्याला. दोन जणांच्या मापात ०.२ ते ०.३ मिमीचा फरक सहज पडतो, त्यामुळे ५.१ वरून ५.३ झालं म्हणून धावपळ करू नका. ५.१ वरून ५.९ झालं तर करा.

आकड्याचा अर्थ

मोठ्या माणसात ५ मिमीपर्यंत ठीक, असं जुनं गणित आहे. लहान मुलांत वर्षाच्या आतल्या बाळाला ४ मिमी आणि त्यापुढच्या मुलांना ४.५ मिमी ही मर्यादा साधारण धरतात. वेगवेगळ्या अभ्यासांत मोठ्यांसाठी ४.८ पासून ६ पर्यंतचे आकडे आले आहेत, कारण मशीन वेगळी, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, माणसंही वेगळी. म्हणून मी असं वागतो: ५ च्या खाली असेल आणि रुग्णाची तपासणीही जुळत असेल तर दाब वाढलेला असण्याची शक्यता कमी. ६ च्या वर असेल तर दाब वाढलाय असंच धरून पुढची पावलं. मधल्या पट्ट्यात दुसरी-तिसरी मापं, जीसीएस (शुद्धीचे गुण), बाहुल्या आणि सीटी मिळून उत्तर देतात. कॅथेटरने मोजलेल्या दाबासाठी डोक्याच्या इजेत २२ मिमी मर्क्युरी ही उपचाराची मर्यादा २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ओएनएसडीच्या मिलिमीटरवरून तो आकडा काढता येत नाही. तसा प्रयत्नही करू नका.

खोटा मोठा आकडाही येतो. ऑप्टिक न्यूरायटिस (नर्व्हचा दाह), थायरॉइडमुळे डोळे पुढे येणं, नर्व्हच्या आवरणाची गाठ यांत मेंदूतला दाब ठीक असून आवरण जाड दिसतं. बराच काळ ताणलेलं आवरण दाब उतरल्यावर लगेच आकसत नाही. मॅनिटॉल दिल्यावर आकडा उतरला तर बरंच. नाही उतरला तर औषध लागू पडलं नाही असा निष्कर्ष लगेच काढू नका.

या भागात मला याचा सर्वांत जास्त उपयोग वाटतो तो दोन प्रकारच्या रुग्णांत. पहिला, उंदीर मारायच्या पेस्टमधल्या पिवळ्या फॉस्फरसने यकृत निकामी झालेला तरुण रुग्ण. मेंदूला सूज येण्याची भीती असते, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) इतका चढलेला असतो की कवटीला छिद्र पाडायची कुणाची हिंमत होत नाही. अशा रुग्णाची रोज ठरलेल्या वेळी घेतलेली मापं म्हणजे मोठा आधार. दुसरा, टीबी मेनिन्जायटिसचा रुग्ण, जो आज गुंगीत वाटतोय आणि हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साठणं) होतोय का हे ठरवून पुन्हा सीटीला न्यायचं की नाही असा प्रश्न आहे. चढता आकडा असेल तर मी वाट बघत नाही, सीटीला पाठवतो.

डोळ्याच्या आत बघितल्याशिवाय प्रोब उचलू नका

सबॅरक्नॉइड (मेंदूभोवतीच्या पोकळीतल्या) रक्तस्रावाच्या रुग्णात काचद्रवात रक्त सापडू शकतं. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ आल्बेर तेर्सों यांनी १९०० साली याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला पडलं. काळ्या गोलात बारीक उजळ ठिपके किंवा ढग तरंगताना दिसतात; यासाठी गेन तात्पुरता वाढवावा लागतो. असं रक्त दिसलं तर रुग्णाची स्थिती बहुधा गंभीर असते, आणि तो शुद्धीवर आल्यावर त्याला दिसत का नाही याचं उत्तरही इथेच असतं. नेत्रतज्ज्ञांचा सल्ला तेव्हाच मागून ठेवा.

डिस्क काचद्रवात उंचवट्यासारखी पुढे आलेली असेल तर ती सूज. तिथे खडूसारखा पांढरा ठिपका आणि मागे सावली असेल तर ड्रुसेन, म्हणजे जुनाच कॅल्शियमचा साठा. मेंदूतल्या दाबाशी त्याचा संबंध नाही. एका डोळ्याची दृष्टी अचानक, न दुखता गेली असेल तर डिस्कच्या लगेच मागे नर्व्हमध्ये चमकदार ठिपका आहे का बघा. तो रेटिनाच्या धमनीत अडकलेला गुठळीचा तुकडा असू शकतो, आणि असा रुग्ण स्ट्रोकचाच समजून हलवायचा.

सुजलेल्या पापणीमागची बाहुली

सुरुवातीला सांगितलेल्या रुग्णात पापणी उघडतच नाही, तेव्हा बाहुलीही सोनोग्राफीने बघता येते. प्रोब आडवा, खालच्या पापणीवर, आणि कपाळाच्या दिशेने वर कलवलेला. बुबुळ आडवं कापलं जाऊन कडं दिसतं आणि मध्ये बाहुलीचं काळं वर्तुळ. दुसऱ्या डोळ्यात टॉर्च मारा, वर्तुळ आकसतंय का बघा, आधीचा आणि नंतरचा व्यास मोजा. दुसराही डोळा सुजला असेल तर प्रखर टॉर्च पापणीवरूनच मारून बघा.

इथे एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. शेतात किंवा जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटू लागतात आणि आपल्याकडे येईपर्यंत हातपाय लुळे पडलेले असतात. मण्यार चावल्याची खूण बऱ्याचदा दिसतही नाही. विषामुळे बाहुल्या मोठ्या आणि स्थिर होऊ शकतात आणि तो मेंदूमृत वाटतो. ओएनएसडी ठीक असेल तर ते तुम्हाला थांबून विचार करायला लावणारं कारण आहे: अँटीव्हेनम, व्हेंटिलेटर आणि धीर. असे रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी जातात. मेंदूमृत्यू ठरवायला डोळ्याच्या सोनोग्राफीचा आधार कधीच घ्यायचा नाही. त्यासाठी कायद्याने ठरवलेल्या डॉक्टरांनी किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा केलेल्या तपासण्याच लागतात.

सराव आणि नोंद

पहिले हात एकमेकांच्या डोळ्यांवर बसवा. ड्युटी शांत असेल तेव्हा सहकाऱ्याला झोपवा, कमी पॉवरवर, निर्जंतुक जेल, थोडाच वेळ. सामान्य नर्व्ह डोळ्यांत बसली की सुजलेली लगेच ओळखू येते. मग सीनियरने घेतलेलं माप न बघता स्वतः घ्या आणि ताडून बघा. फरक ०.३ च्या आत येऊ लागला की केसपेपरवर लिहायला हरकत नाही. प्रत्येक रुग्णानंतर प्रोब कंपनीने सांगितलेल्या द्रावणानेच पुसा, आणि पापणीवरचं ड्रेसिंग काढताना ओलं करून काढा, नाहीतर पापणीचे केस ओढले जातात.

नोंद अशी असावी, की पुढच्या ड्युटीच्या डॉक्टरला तुम्हाला फोन करावा लागू नये. नमुना देतो: "रात्री १.४०. डोकं ३० अंश वर, व्हेंटिलेटरवर, शांत. ओएनएसडी उजवा ५.९, डावा ६.१ मिमी, आडव्या-उभ्या मापांची सरासरी, ड्युराची आतली कडा. संध्याकाळी ७ वाजता ५.२ आणि ५.३. बाहुल्या दोन्ही ३ मिमी, प्रकाशाला आकसतात. काचद्रव स्वच्छ. १.५० ला मॅनिटॉल सुरू, सीटीला नेत आहोत."

चंदगडसारख्या ठिकाणाहून रुग्ण कोल्हापूरला पाठवायचा तर शंभरेक किलोमीटरचा रस्ता असतो. काही जण जवळचं म्हणून बेळगावला पाठवतात. कुठेही पाठवा, निघण्याआधी घेतलेलं माप, त्याची वेळ आणि मोजण्याची पद्धत रेफर चिठ्ठीवर ठळक लिहा आणि घेणाऱ्या डॉक्टरांना फोनवरही सांगा. रुग्ण पोचल्यावर ते त्याच पद्धतीने पुन्हा मोजतील, आणि वाटेत काय घडलं ते त्या दोन आकड्यांवरून त्यांना कळेल.